न्याहारीला कुठलं दूध

शिरोड्याला आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. निवास आणि न्याहारी. निवासाबद्दल माझी कुणाविषयी तक्रार नाही. झोपलेला माणूस साधारण बरा असतो. सकाळी तो न्याहारीला येऊन बसतो आणि तोंड उघडतो, तिथून त्याच्याविषयीचं माझं मत बिघडायला लागतं.

सुरुवातीला आमच्याकडे दूध एकच होतं. घाटावरून सकाळच्या टेम्पोने येणारं पिशवीचं. मी ते तापवून पातेल्यात ठेवायची. चहा हवा त्याला चहा, कॉफी हवी त्याला कॉफी, पोराला हवं तर पेलाभर नुसतं. आमच्या बाजूला दुधाची मिजास कधी नव्हतीच. इथल्या गाई अंगाने लहान, दूध वासरापुरतं. माझं माहेर वालावलचं. तिथेही आम्ही लहानपणी चहा कोराच प्यायलो. दूध देवाच्या नैवेद्याला आणि घरात कुणी आजारी पडलं तर त्याला. पुढे शाळेत गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. दुधावरून शिकलासवरलेला माणूस टेबलावर रुसून बसू शकतो, हे निवृत्त होईपर्यंत मला माहीत नव्हतं.

ते माहीत करून द्यायला माझी नणंद आली.

ती मुंबईत एका मोठ्या हॉटेलात नोकरीला होती. सकाळच्या न्याहारीची सगळी मांडामांड तिच्याकडे असायची. लग्न तिने केलं नाही. निवृत्त झाल्यावर मुंबईची भाड्याची खोली सोडून ती आमच्याकडे कायमची राहायला आली. घर तिच्याही बापाचं, तेव्हा येण्याबद्दल बोलायचा मला हक्क नव्हता आणि मी बोललेही नाही. पण आल्या आल्या ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, माझ्या पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, एवढंच?"

लक्षात घ्या, घरात आम्ही सगळे मालवणी बोलतो. तीही बोलते. पण हॉटेलचा विषय निघाला की तिच्या तोंडी पुस्तकी मराठी येतं, आणि मी वयनीची वहिनी होते.

"एवढाच म्हणजे?" मी विचारलं.

"लोकांना निवड करता आली पाहिजे. एकच दूध ठेवणं म्हणजे पाहुण्याला गृहीत धरणं झालं."

माझा नवरा बँकेत काउंटरमागे बसून निवृत्त झालेला. समोरचा माणूस जे म्हणेल त्याला मान हलवायची त्याला सवय. तो म्हणाला, "तिका त्यातला कळता गो. करू दे तिका." एवढं बोलून तो माडांना पाणी लावायला निघून गेला. घरात काही ठरवायचं असलं की आमच्या माडांना फार तहान लागते.

मग आम्ही नणंद-भावजय गोव्यात म्हापशाला गेलो. तिथल्या एका मोठ्या दुकानात थंड कपाटासमोर ती बराच वेळ उभी राहिली. एकेक खोका उचलायची, पाठीमागचा मजकूर वाचायची, परत ठेवायची. बिनसायीचं दूध, अर्ध्या सायीचं दूध, सोयाबीनचं, बदामाचं, ओट्सचं. ओट्स पाण्यात वाटून गाळले की जे पाणी उरतं त्याला ते दूध म्हणत होते. बदामाच्या खोक्यावर बदामाचं चित्र मोठं आणि आत बदाम नावाला. आम्ही जन्मभर पेज प्यायलो. ती गाळून खोक्यात भरायची अक्कल कुणाला आली असती तर आमचा गाव आज श्रीमंत असता.

"ओट्स म्हणजे घोड्यांचा खाणा ना गो?" मी विचारलं.

"वहिनी, हळू बोल."

दुकानात तेव्हा माझ्या बोलण्याने लाजावं असं कुणी नव्हतं. अर्धी चड्डी घातलेला एक म्हातारा चीज चाचपत होता.

क्रीमवरून आमचं वाजलंच. तिला कॉफीसाठी छोट्या बंद वाट्यांमधलं क्रीम हवं होतं, शिवाय फळांवर घालायला खोक्यातलं वेगळं. मी म्हटलं, घरी दुधावर रोज बोटभर साय धरते, ती चालेल.

"साय म्हणजे क्रीम नाय, वयनी," ती रागाने मालवणीवर आली.

"मग काय ती?"

"साय म्हणजे साय."

ह्यावर गणिताच्या माणसाने काय बोलायचं? वाट्या घेतल्या, खोकंही घेतलं. नारळाच्या दुधाच्या खोक्याला मात्र मी हात लावू दिला नाही. शिरोड्यात, माडांच्या मुळाशी बसून, थायलंडहून आलेला नारळाचा रस खोक्यातून ओतायचा, ही लाज मी माझ्या घरात येऊ देणार नव्हते. तेवढं तिने ऐकलं. रस घरीच काढायचा ठरला. उकळत्या चहात तो फुटायचा, मग आधी कोमट करून द्यायची युक्ती तिनेच काढली. ह्या बाबतीत ती हुशार होती, हे मी त्या वेळीही मान्य केलं असतं, पण तिने विचारलं नाही.

तेव्हापासून आमच्या पडवीत न्याहारीच्या टेबलावर पांढरे चिनी मातीचे जग मांडले जाऊ लागले. प्रत्येकावर जाळीचं झाकण, प्रत्येकाला वेगळा चमचा, प्रत्येकापुढे तिच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. एका जगातला चमचा दुसऱ्यात गेला तर ती जग उचलून आत नेई, दूध ओतून टाकी आणि नवं भरून आणी. मी म्हणे, आपण तिघं पिऊन टाकू. ती म्हणे, नाही, शिस्त म्हणजे शिस्त.

आणि पाहुणे. त्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, म्हणून त्यांच्याविषयी सांगते.

पुण्याचं एक तरुण जोडपं होतं. दोघांनी प्रत्येक जगाचा फोटो काढला, मग जगांसोबत स्वतःचा काढला, आणि शेवटी कोरी कॉफी प्यायले. कोल्हापूरचा एक कारखानदार टेबलाकडे बघून हसला आणि म्हणाला, "आमच्याकडं ह्यातलं काही जनावराला पण पाजत न्हाईत." मला तो आवडायला लागला होता. तेवढ्यात त्याच्या बायकोने क्रीमच्या सगळ्या बंद वाट्या पर्समध्ये टाकल्या. टाकताना तिने माझ्याकडे बघितलं आणि चेन लावली. दारात उभ्या त्यांच्या गाडीच्या किमतीत आमचं घर आणि शेजारचं घर, दोन्ही आली असती.

मुंबईच्या एका बाईंना शुद्ध, ताजं, गावातल्या गाईचं, न तापवलेलं दूध हवं होतं. लहानपणी त्या आजोळी तसलं पीत असत म्हणे. आमच्या वाडीत एका घरी गाय आहे. तिथून मी स्वतः लोटी घेऊन दूध आणलं. न तापवता देणार नाही म्हटलं, तर बाई नाराज झाल्या. तापवून दिलं तर पहिल्या घोटाला नाक मुरडून म्हणाल्या, "ह्याला गाईचा वास येतोय." मी म्हटलं, गाईचंच आहे. त्यांनी पेला बाजूला सारला आणि पिशवीच्या दुधाचा चहा मागून घेतला. दोन कप.

असल्या माणसांपुढे माझी नणंद हात जोडून उभी राहायची. "आणखी काही हवंय का, मॅडम?" तिचा राग यायचा तो ह्यामुळे. जग, चमचे, चिठ्ठ्या, ते सगळं मी सहन केलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू सहन होत नव्हतं. तसलं हसू तिच्या बापाच्या घरात कुणीच कधी कुणासाठी आणलं नव्हतं.

मग ते कुटुंब आलं.

येण्याआधी मुलीच्या आईचा फोन आला होता. मीच घेतला. सहा वर्षांची मुलगी आहे, तिला दूध चालत नाही, ती म्हणाली. असे फोन रोजचेच, म्हणून मी विचारलं, "आवडत नाही की बाधतं?" ती हळू आवाजात म्हणाली, "बाधतं. अंग सुजतं, श्वास अडकतो. तूप, लोणी, काहीही चालत नाही." तिच्या आवाजात नखरा नव्हता. मी नणंदेला बोलावून फोन दिला. त्या दोघी भांड्यांविषयी, चमच्यांविषयी, तव्यावर तेल कुठलं घालता ह्याविषयी बराच वेळ बोलल्या. फोन ठेवून नणंद म्हणाली, "आजपर्यंत कोणी इतक्या नीट विचारूक नव्हता." ती खूश दिसली. तिच्या शिस्तीला शेवटी खरं गिऱ्हाईक मिळालं होतं.

आले ते चौघे. नवरा-बायको, मुलगी आणि नवऱ्याची आई. नवरा कुठल्याशा कंपनीत मोठा साहेब असावा. खोलीत वायफाय किती चालतं हे त्याने बॅगा उतरवायच्या आधी विचारलं. आजी टापटीप, कडक इस्त्रीची साडी, प्रत्येक गोष्टीला "असू दे, चालेल" म्हणायची. पण कुठलीच गोष्ट तिला चालली असं दिसलं नाही. मुलगी बारकी, बडबडी. आमच्या मांजरीच्या मागे ती घरभर हिंडली.

सकाळी नणंदेने मुलीचं सगळं वेगळं केलं. नवा पेला, उकळत्या पाण्यातून काढलेला. त्यात ओट्सचं दूध, नवं खोकं मुलीच्या आईसमोर फोडून. वर झाकण. पेला मुलीच्या पुढ्यात ठेवून ती आईला म्हणाली, "हा फक्त हिचा. टेबलावरच्या जगांतलं हिला काही देऊ नका." आईने मान डोलावली. आजी शेजारीच, पडवीच्या कठड्याला लागून बसली होती. तिनेही ऐकलं.

मी आत आंबोळ्या घालत होते, नणंद माझ्या हाताखाली. मुलीचा बाप अंगणात फोनवर होता. आई टोपी आणायला खोलीत गेली. ती बाहेर आली तेव्हा मुलगी खोकत होती, असं नंतर कळलं. मला कळलं ते आईच्या हाकेने. बाहेर येऊन बघते तो मुलीचे ओठ सुजलेले, मानेवर लाल गांध्या, आणि छातीतून घरघर. आईने पर्समधून औषध काढून तिला पाजलं. तिचा हात थरथरत नव्हता. त्या हाताला सवय होती. मुलीच्या बापाने गाडी काढली, माझा नवरा रस्ता दाखवायला पुढे बसला आणि ते गावातल्या सरकारी दवाखान्यात गेले.

आजी गेली नाही. "दवाखान्यातली गर्दी मला सोसत नाही," ती म्हणाली, आणि पुढ्यातली आंबोळी संपवू लागली.

नणंद ओट्सचं खोकं हातात घेऊन, पाठीमागचा बारीक मजकूर वाचत उभी होती. तोच तोच वाचत होती. मी टेबल आवरायला घेतलं. आजीच्या खुर्चीमागे कठड्याबाहेर सहज नजर गेली. जोत्याच्या तांबड्या चिऱ्यावरून पांढरा ओघळ खाली मातीपर्यंत गेला होता. अजून ओला होता. मी बोट लावून बघितलं. ओट्सच्या पाण्याला एक पिठूळ वास असतो, तो आला. मग मुलीचा पेला उचलला. तळाशी राहिलं होतं ते साधं, साखर घातलेलं पिशवीचं दूध.

मी आजीच्या समोर बसले.

"पोरीच्या पेल्यातलं तुम्ही ओतून टाकलंत?"

तिने तोंड पुसलं. "ते दूध नव्हतं."

"आणि मग पेल्यात काय घातलंत?"

"दूध. दुधाच्या पेल्यात दूध घालतात." ती शांतपणे बोलत होती, वर्गात मी बोलायचे तशी. "आमच्या घराण्यात कुणाला दूध बाधल्याचं मी ऐकलेलं नाही. हे सगळं सुनेने डोक्यात भरवलंय. थोडं थोडं देत राहिलं की अंगाला सवय होते."

"पोरगी दवाखान्यात आहे, आजी."

"येईल. मागेही आली." मग ताटलीकडे बघून तिने विचारलं, "आणखी एक मिळेल का? चटणी जरा कमी तिखट असेल तर."

मी तिला दिली नाही. मी ताटली उचलून आत आले. आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख माणसं पाहिली आहेत, काहींना तर वर्षभर शिकवलंही आहे. पण मूर्खपणा इतका स्वच्छ इस्त्री करून घातलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

दवाखान्यातून माझ्या नवऱ्याचा फोन आला की डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय, श्वास मोकळा झालाय, दुपारपर्यंत ठेवून घेणार आहेत. हे ऐकल्यावर नणंद खाली बसली. मी तिला ओघळाचं आणि आजीचं सांगितलं. तिला पहिल्यांदा ते पटलंच नाही. "आजी अशी कशी करीत?" ती परत परत म्हणत राहिली. एवढी वर्षं लोकांना खाऊपिऊ घातलं तिने, तरी माणसं म्हणजे पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे चांगले, हा तिचा समज काही गेला नव्हता.

दुपारी ते आले. मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती, ओठांची सूज उतरत आली होती. बाप गाडीतून उतरला तो सरळ नणंदेसमोर येऊन उभा राहिला.

"तुम्हाला फोनवर सगळं सांगितलं होतं. इतकी साधी गोष्ट सांभाळता येत नाही? भांडी मिसळली तुमची. जमत नाही तर धंदे कशाला काढता?"

आणि माझ्या नणंदेने हात जोडले. "सर, आम्हाला अतिशय वाईट वाटतंय. आमच्याकडून काही चूक झाली असेल तर..."

"आमच्याकडून चूक झालेली नाही," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वळला. मी त्याला कठड्याकडे नेलं, सुकलेला ओघळ दाखवला, त्याच्या आईने मला काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगितलं. आजी तिथेच बसली होती. ती सुपारीच्या झाडांकडे बघत राहिली. आणि मी पाहिलं, तो माणूस तिच्याकडे वळला नाही. असलं काही ऐकून खरंच धक्का बसला तर माणूस आधी आईकडे बघेल, विचारेल, ओरडेल. त्याने फक्त आवाज चढवला.

"स्वतःचा हलगर्जीपणा झाकायला तुम्ही माझ्या आईचं नाव घेता? वयाचा तरी मान ठेवा."

माझा नवरा मध्ये पडला, "जाऊ द्या, साहेब, बसा, पाणी घ्या," म्हणाला. त्याच्याविषयी त्या क्षणी मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. संसार अजून चालू आहे.

मुलीला झोपवून तिची आई कोमट पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली. मी तांब्या भरून दिला. ती तो धरून उभी राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरीही केलंय त्यांनी. शिऱ्यात तूप घातलं होतं, आणि म्हणाल्या तेल आहे."

"आणि तुमच्या मिस्टरांना?"

"त्यांनाही माहीत आहे."

"मग आमच्यावर का ओरडले?"

"आईंना कोण बोलणार?" असं ती अगदी साधेपणाने म्हणाली. बाहेर ऊन आहे असं म्हणावं तसं.

मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण जास्त आला तो संताप. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आमच्याकडे चमच्यांची चौकशी केलीत. घरात कोण बसलंय त्याची केली नाहीत." ती पाणी घेऊन गेली. संध्याकाळच्या आत ते निघून गेले. जाताना आजी माझ्या नणंदेला म्हणाली, "जागा छान आहे हो तुमची."

त्या आठवड्यातच त्या माणसाने इंटरनेटवर लिहिलं. माणसं बरी आहेत पण स्वच्छतेची जाण नाही, टेबलावर नुसता देखावा आहे, त्यांच्या निष्काळजीपणामुळे आमच्या मुलीच्या जिवावर बेतलं, लहान मुलांना घेऊन जाऊ नये. आईचा उल्लेख नव्हता. कोणी लिहिलंय हे ठाऊक नसतं तर मलाही ते खरं वाटलं असतं. चांगलं मराठी लिहिलं होतं.

नणंदेने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी टेबल मांडलंच नाही. न्हाणीच्या बाजूला बसून ती जग घासत होती. एकेक जग, आतून, बाहेरून, कानाच्या बेचक्यातून. स्वच्छच होते ते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "वयनी, इतकी वर्सां काम केलंय गो. माझ्या हातचा खाऊन कोणाक कधी काय झाला नाय."

"तुझ्या हातचा खाऊन अजून पण काय झालेला नाय."

"लोक वाचतले तां काय वाचतले?"

माझा नवरा पडवीतून म्हणाला की आता हे सगळं बंद करूया, एकच दूध ठेवूया पहिल्यासारखं, म्हणजे भानगड नको. हेच तर मी सुरुवातीपासून म्हणत होते. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. त्या ओट्सच्या पाण्याविषयी माझं मत होतं तेच होतं, आजही आहे. पण तो साहेब आपल्या आईला एक शब्द बोलू शकत नाही म्हणून माझ्या घरातल्या टेबलावरचा जग उचलला जाणार असेल, तर नाही. मी नणंदेच्या हातातून जग घेतले, पुसले आणि पडवीत नेऊन मांडले. चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या. ती उठून आली आणि तिने त्या नीट लावल्या.

काही दिवस बुकिंगं कमी झाली. मग परत येऊ लागली. लोकांना समुद्र स्वस्तात हवा असतो, आणि बाकीचं ते वाचतात आणि विसरतात. मी एक बदल केला. पाहुणे आले की पहिल्या चहालाच मी त्यांना सांगते, "तुमच्यापैकी कुणाला काही बाधत असेल तर सांगा. कुणाला काही आवडत नसेल तर तेही सांगा. पण दोन्ही वेगवेगळं सांगा." पुष्कळांना राग येतो. एक बाई म्हणाल्या, तुम्ही शाळेत असल्यासारख्या बोलता. मी म्हटलं, हो. बहुतेकांचं उत्तर मग अगदी छोटं होतं. ज्यांना खरंच बाधतं ते मात्र लगेच बोलू लागतात, आणि त्यांच्याबरोबर कोण कोण आलंय ह्याची मी चौकशी करते.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मुलीच्या आईचा फोन आला. मी आवाज ओळखला. तिने आधी मुलगी बरी असल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्याकडे एक मागायचं होतं. माझ्या नणंदेला, ह्यांच्या बहिणीला, त्या दिवशी काय झालं ते तुम्ही फोनवर सांगाल? माझं त्या ऐकत नाहीत. सून सासूविरुद्ध बोलणारच, असं म्हणतात."

"तुमचे मिस्टर काय म्हणतात?"

"त्यांना मी विचारलेलं नाही."

तेव्हा पहिल्यांदा मला तिच्याविषयी बरं वाटलं.

तिच्या नणंदेचा फोन दोन दिवसांनी आला. आवाज भावासारखाच, हुकमी. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "ओतताना तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"नाही. सांडलेलं पाहिलं, पेल्यातलं पाहिलं, आणि तुमच्या आईच्या तोंडून ऐकलं."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाल्या, येईल, मागेही आली. आणि आणखी एक आंबोळी मागितली."

ती म्हणाली, "हो. आई असंच बोलते." आणि फोन ठेवला. आभार मानले नाहीत, मीही अपेक्षा केली नव्हती.

काही दिवसांनी मुलीच्या आईने कळवलं की सासूबाई आता लेकीकडे राहायला गेल्या आहेत. नवरा बोलत नाही, पण बोलेल. इंटरनेटवरचं ते काढायला तिने त्याला सांगितलं, तो काढणार नाही म्हणाला. "मी तुमच्या बाजूने काही लिहू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, नको. एकाच घरातल्या दोन माणसांनी माझ्या टेबलावरून जाहीर भांडावं, त्यातून मला काय मिळणार? त्याचं लिहिलेलं अजून तिथेच आहे. कधी कुणी पाहुणा ते वाचून आलेला असतो. जगांकडे जरा संशयाने बघतो आणि मग सगळ्यांतलं थोडं थोडं पिऊन जातो.

नणंद हल्ली पाहुण्यांपुढे हात जोडत नाही. तसं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. "सर" म्हणते, पण मान ताठ असते. परवा नाशिकच्या एका गृहस्थांनी सगळे जग पाहून झाल्यावर विचारलं, "शेळीचं नाही का?"

ती म्हणाली, "नाही."

"मिळू शकेल?"

"गावात शेळ्या आहेत. त्या घरी जाऊन तुम्ही विचारू शकता. डावीकडे, विहिरीच्या पुढे."

त्या गृहस्थांनी खुर्ची ओढली आणि पिशवीच्या दुधाची कॉफी मागितली. आत येऊन तिने मला सांगितलं, "एक कॉफी, वयनी. साधी." मी पातेलं गॅसवर चढवलं.